सख्खेपणाची चाचणी

माझ्या मावशीला एका यंत्राने 'पाहुणी' ठरवलं तेव्हा सभागृहातली माणसं हसली. मोठ्याने नव्हे. चारचौघांत एखाद्याची फजिती झाली की आपल्याकडे हसतात तसं, तोंडाला रुमाल लावून, शेजारच्याला कोपराने ढोसून. मला ते मोठ्याने हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मावशी व्यासपीठावर खुर्चीत बसली होती. डोक्यावर रबरी टोपरं, त्यातून निघालेल्या वायरी आणि अंगावर ठेवणीतलं जांभळं इरकली लुगडं. तिच्या पाठीमागच्या मोठ्या पडद्यावर तिचं नाव आलं, शालन तोडकर. नावाखाली एक आकडा आणि आकड्याखाली तो शब्द.

"काय आलं गं, रेवती?" तिने तिथूनच मला विचारलं. पडदा मागे असल्यामुळे सगळ्या सभागृहाला दिसत होतं ते तिला एकटीला दिसत नव्हतं.

मी उठेपर्यंत मंडळाचे अध्यक्ष दिवाणसर, त्यांनी माइक हातात घेतला. "मावशी, मालिका काही तुमच्या बघण्यात नाही, असं यंत्र म्हणतंय. हरकत नाही! आपल्याकडे पाहुण्यांचंही स्वागत आहे."

पुन्हा तेच रुमालातलं हसू. मावशीने दोन्ही हातांनी टोपरं काढलं, केस नीट केले आणि खाली उतरली. पहिल्या रांगेत, जिथे ती इतकी वर्षं बसत आली होती, तिथे न बसता सरळ मागे जाऊन बसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता जरा मागचं सांगायला हवं. 'नदीकाठचे नाईक' ही मालिका ठाऊक नाही असं घर आमच्या मिरजेत सापडायचं नाही. मी बघत नाही, पण ठाऊक मलाही आहे. कृष्णाकाठचं एक गाव, तिथलं नाईकांचं मोठं कुटुंब, कुटुंबाला धाकात ठेवणारी थोरली आक्का आणि मालिकेतच जन्मलेली, मालिकेतच वाढलेली तिची नात मनू. जवळपास तीस वर्षं, रविवार सोडून रोज, रात्री आठला नाईक लागायचे. भिंतीएवढे पडदे आले, हवं ते हवं तेव्हा बघायची सोय झाली, तरी नाईक आठलाच लागायचे आणि लोक आठलाच बसायचे.

त्यांच्या चाहत्यांनी मंडळ काढलं होतं, नाईक परिवार. सुरुवातीला मोठी मजा असायची म्हणे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, चिवडा खायचा आणि आक्काचं चुकलं की सुनेचं यावर घसा बसेपर्यंत भांडायचं. मिरजेतला पहिला मेळावा मावशीच्याच गच्चीवर झाला होता. पुढे कॉलेजातून निवृत्त झालेले श्रीरंग दिवाण अध्यक्ष झाले आणि त्यांनी परिवाराला शिस्त लावली. पहिल्या भागापासून, रोज, त्याच दिवशी त्याच वेळी मालिका बघितलेला तो सख्खा. मधूनच बघायला लागलेला तो चुलत. दुपारचं पुनःप्रसारण बघणारा लांबचा. आणि मोबाइलवर सगळे भाग एकदम बघून काढणारा तो पाहुणा. चर्चेत सख्ख्यांनी आधी बोलायचं, चुलत असेल त्याने हात वर करून परवानगी मागायची, आणि पाहुण्यांनी शेवटी सतरंज्या उचलायच्या. मोठमोठी शिकलेली माणसं हे निमूटपणे पाळत होती. एका टीव्ही मालिकेसाठी!

गाडी इथेच थांबली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण नाईक संपणार असं जाहीर झालं. शेवटच्या भागात मनूचं लग्न आणि त्या लग्नात वऱ्हाडी म्हणून खरेखुरे प्रेक्षक बसवायचे, असं वाहिनीने ठरवलं. तीस खुर्च्या. निवड नाईक परिवाराने करायची. झालं! जो तो सख्खा निघाला. पहिला भाग लागला तेव्हा ज्यांचा जन्म झाला नव्हता तेही सख्खे. तेव्हा दिवाणसरांनी वर्गणी काढून ते यंत्र भाड्याने आणलं.

यंत्र माझ्या रोजच्या ओळखीचं. आमच्या इस्पितळातल्या स्मृती विभागात मी तेच चालवते. ओळखीची वस्तू समोर आली की साधारण एक तृतीयांश सेकंदात मेंदूत विजेची बारीकशी लहर उठते. ती उठवणं किंवा दाबणं माणसाच्या हातात नसतं. तोंडाने खोटं बोलता येतं, लहरीने नाही. हे जुनंच ज्ञान. नवं आहे ते लहरीचं वय ओळखणं. मेंदूच्या पोटात समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. नवी आठवण आधी त्याच्या ताब्यात असते. मग वर्षामागून वर्षं, आपण झोपेत असताना, ती थोडी थोडी करून मेंदूच्या बाहेरच्या सालीकडे सोपवली जाते. त्यामुळे लहर आतून उठली की सालीवरच पसरली, हे टिपलं की आठवण गेल्या वर्षीची की वीस वर्षांपूर्वीची, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

हे यंत्र बनवलं होतं पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेलेल्या, विसराळूपणाच्या आजाराने हरवलेल्या माणसांसाठी. त्यांना अजून कोण ओळखू येतं ते कळावं आणि त्याच माणसांनी जवळ बसावं, म्हणून. आमच्याकडे अगदी सुरुवातीला एक आजोबा आले होते. त्यांना बायकोचे फोटो दाखवले, एकाही फोटोला लहर उठली नाही. ती बाई रडायला लागली. डोळे पुसायला तिने हात वर केला, बांगड्या वाजल्या आणि पडद्यावर लहर उसळली. त्या दिवसापासून आमच्या विभागात नियमच आहे. चेहरा, आवाज, वास, स्पर्श, सगळं तपासल्याशिवाय "ओळखत नाही" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

दिवाणसरांच्या चाचणीत फक्त चित्रं होती. मालिकेतली, मुकी. आवाज त्यांनी मुद्दाम काढून टाकला होता. "संवाद ऐकवला की कुणीही ताडतो," असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मावशीकडे गेले. वाटलं होतं, ती चिडलेली असेल, मग दोघी मिळून दिवाणसरांचा उद्धार करू. ती चिडलेली नव्हती. बैठकीत टीव्ही लागला होता आणि समोर कुणीही नव्हतं. आठ वाजून गेलेले. मावशी आत स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून भाकरी थापत होती.

"मावशी, नाईक लागलेत ना?"

"श्श. आक्का बोलतीय."

मी दारात उभी राहिले. एक भाग संपेपर्यंत तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. हात चालत होते. एका वाक्याला ती "अरे देवा" म्हणाली, एका वाक्याला हसली. तव्यावरची भाकरी उलटताना एकदा थबकली, कारण मालिकेत कुणीतरी रडत होतं.

"तू बघत का नाहीस?" मालिका संपल्यावर मी विचारलं.

"बघतीय की."

"तुझी पाठ होती टीव्हीकडे."

"मग? कान काय बंद होते?" तिने हात धुतले. "अगं, आठ म्हणजे जेवायची वेळ. तुझे काका, माझ्या सासूबाई, दीर, पोरं, सगळी ताटं घेऊन टीव्हीपुढं बसायची. नाईक सुरू झालं की हलायची नाहीत कुणी. गरम भाकरी मग कुणी वाढायची? पहिल्या दिवसापासनं हितनंच ऐकतीय मी."

"पण आता काका नाहीत. पोरं पुण्याला. आता बस की समोर."

"बसले होते एकदा." ती जरा ओशाळली. "मला कुणी ओळखूच येईना. आक्का म्हणून कोण ती उंच, नाकेली बाई. माझी आक्का तसली नाही. ठेंगणी आहे, कपाळ मोठं, चालताना थोडी डावीकडं झुकती. त्या घरात सगळी भलतीच माणसं येऊन बसल्यासारखं वाटलं. उठले आणि आत आले परत. हितं आपली माणसं आहेत."

इतकी वर्षं मी त्या घरात येत-जात होते. नाईकांचं सगळं पुराण मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. ती स्वयंपाकघरात उभी आहे हे मला दिसत होतं आणि ती मालिकेची वेडी आहे हेही मला माहीत होतं. या दोन गोष्टी मी कधी एकत्र करून बघितल्या नव्हत्या. घरातल्या कुणीच बघितल्या नव्हत्या. मुक्या चित्रांपुढे तिच्या मेंदूत लहर उठणार तरी कशी? त्या चेहऱ्यांना ती ओळखतच नव्हती.

मी हे तिला समजावून सांगितलं. तिने मान हलवली. "असेल. पण यंत्र म्हणतंय म्हणजे काय तरी असणारच. मला वाटत होतं तेवढं ते माझं नसंल."

या वाक्याने मला जे झालं ते सभागृहातल्या हसण्यानेही झालं नव्हतं. तीस वर्षं जपलेली एक गोष्ट, आणि कुणा दिवाणाने भाड्याच्या टोपऱ्याने ती तिच्या हातातून काढून घेतली होती.

तिने कपाटातून एक पिशवी काढून दाखवली. मनूसाठी आहेर आणला होता. गुलाबी काठाचा खण आणि ज्येष्ठमधाची पुडी.

"हे कशाला?"

"दिवाळीपासनं पोरीचा आवाज बसलाय. घरातलं एक माणूस विचारत नाही तिला. लग्नात द्यावं म्हटलं." तिने पिशवी परत ठेवली. "आता काय. जाऊ दे."

मी म्हटलं, "पिशवी वरच ठेव. तू लग्नाला जाणार आहेस."

मी दिवाणसरांच्या घरी गेले. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि आधी अर्धा तास त्यांच्या सख्खेपणाची कहाणी ऐकवली. सासरे वारले त्या दिवशीसुद्धा त्यांनी भाग चुकवला नव्हता. मी मुद्द्यावर आले. चाचणी अर्धवट आहे, आवाजाची घ्या, माझी मावशी मालिका ऐकत आली आहे.

"ऐकत?" ते असे हसले, जणू मी त्यांना एखादा बालिश प्रश्न विचारला होता. "रेवतीताई, ही चित्रमालिका आहे. दिग्दर्शकाने एकेक चौकट बांधलेली असते. ती बघायची असते. कामं करता करता कानावर पडलं ते काय बघणं झालं? त्याला रसिकता म्हणत नाहीत."

"तुम्ही बघत होता तेव्हा तुमचं ताट कोण वाढत होतं, सर?"

त्यांना प्रश्न कळला नाही. खरंच कळला नाही. तेवढ्यात आतून नीलाकाकूंचा, त्यांच्या पत्नीचा, आवाज आला. "अहो, काल शेवटी आक्का काय म्हणाली? भांडी घासत होते, नळाच्या आवाजात ऐकूच आलं नाही."

"नंतर सांगतो गं," सर त्रासून म्हणाले आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "तर मी काय म्हणत होतो, रसिकता..."

नीलाकाकू परिवाराच्या सभासद नव्हत्या. मेळाव्यात चहा त्या करायच्या. त्यांना टोपरं घालून बघावं असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मी उठले. म्हटलं, यंत्र बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय की एकाच इंद्रियावरून निकाल द्यायचा नाही. हे मी उद्या वाहिनीला कळवते. मग तीस खुर्च्यांचं काय करायचं ते वाहिनी बघेल. नाकाने कांदे सोलणारा तो माणूस एका क्षणात गयावया करायला लागला. त्यांना रसिकतेची काळजी नव्हती, खुर्च्यांची होती.

आवाजाची चाचणी रविवारी झाली. सभागृह गच्च भरलं होतं. मी स्वतः यंत्राशी बसले. तुकडे लहान लहान होते. आक्काचं खाकरणं, झोपाळ्याची कुरकुर, कुठल्याशा जुन्या भागातलं अर्धं वाक्य. मावशी डोळे मिटून बसली होती आणि पडद्यावर लहरीमागून लहर उठत होती, शांत, रुंद, सगळ्या सालीवर पसरलेली. इतक्या जुन्या, इतक्या मुरलेल्या आठवणी मी इस्पितळातही क्वचितच बघते. मनूच्या बाळपणीचं पहिलं रडणं ऐकवलं तेव्हा मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पडद्यावर शब्द आला, सख्खी. टाळ्या कडाडल्या. आता रुमाल कुणाच्याच तोंडाला नव्हते.

दिवाणसर कसलेला माणूस. टाळ्या थांबायच्या आत त्यांनी मावशीला व्यासपीठावर आपल्या शेजारी बसवलं, शाल घातली आणि निवड समितीत घेतल्याचं जाहीर केलं. छातीवर 'सख्खे' लिहिलेला पितळी बिल्ला लावला. मावशी बिल्ल्यावरून बोट फिरवत होती. मला इतका आनंद झाला की मी यंत्रापाशी उभी राहून एकटीच टाळ्या वाजवत राहिले.

पुढचं नाव पुकारलं गेलं, ओवी सावंत. विशीची मुलगी, नर्सिंग कॉलेजात शिकणारी. तिची लहर चित्रांनाही उठली, आवाजांनाही उठली, भरघोस उठली. पण सगळी आतून, समुद्रघोड्यातून. सगळं ताजं.

"आठ महिन्यांत बघितलं मी," ती सरळ म्हणाली. "हॉस्टेलवर नवीन होते, कुणी ओळखीचं नव्हतं. रात्र रात्र जागून, दुप्पट वेगाने, रोज चाळीस-चाळीस भाग. मला नाईकांचं घर फार आवडतं. लग्नाला यायचंय."

"आठ महिने!" दिवाणसर सभेकडे बघून म्हणाले. सभेने पाहिजे तो हशा दिला.

"सर, मला तीस वर्षं आधी जन्मायला जमलं नाही," ओवी म्हणाली. "त्याला मी काय करू?"

आता हशा नव्हता. एक-दोघांनी मानही हलवली. दिवाणसरांना हे रुचलं नाही. ते मावशीकडे वळले. "शालनताई, तुम्हीच सांगा. तुमच्यावर अन्याय झाला होता, तुमचं मत महत्त्वाचं."

मी निर्धास्त होते. मावशीने माइक धरला.

"आम्ही एकेका दिवसाची वाट बघितली," ती म्हणाली. "मनू विहिरीत पडली, तेव्हा शनिवार होता. रविवारचा सगळा दिवस तोंडात घास गेला नाही. हिनं काय केलं असंल? बोट लावलं, पुढं गेली. ह्याला काय अर्थ आहे? कालची पोरगी ही. पाहुणीच म्हणायची."

टाळ्या. मघापेक्षा जास्त टाळ्या. ओवीने स्वतःच्या हाताने टोपरं काढलं, केस नीट केले आणि खाली उतरली. अगदी मावशी उतरली होती तशीच.

घरी जाताना रिक्षात माझा स्फोट झाला. "तुला लाज नाही वाटली? त्याच खुर्चीतून तूही पाहुणी होऊन उतरली होतीस!"

"तू माझ्या बाजूची का तिच्या?"

"तुझ्या बाजूची होते म्हणूनच विचारतेय!"

"मी ओट्यापाशी उभी राहून आयुष्य काढलं, रेवती. पाय सुजायचे माझे." तिचा आवाज चढला. "आणि तिला आठ महिन्यांत तेवढंच मिळणार? मग माझं काय राहिलं?"

"तिला मिळालं म्हणून तुझं कमी झालं का?"

मावशीने तोंड रस्त्याकडे वळवलं. तिच्या घरासमोर रिक्षा थांबली तेव्हा "जेवून जा" म्हणाली नाही. हे आमच्यात कधी झालं नव्हतं. माझा राग दिवाणसरांवरून पूर्णपणे तिच्यावर गेला होता, आणि जिच्यावर आपला जीव असतो तिच्यावरचा राग फार कडू असतो. यंत्राने तिला तिची गोष्ट परत दिली होती आणि बरोबर दिवाणसरांचा बिल्लाही दिला होता.

शूटिंग हरिपूरला, संगमाजवळच्या एका मंगल कार्यालयात होतं. मावशीने फोन करून फक्त एवढंच म्हटलं, "सोडायला येतीस का?" गेले. तिच्याशिवाय मला दुसरी मावशी नाही.

फाटकाबाहेर पाहुणे, लांबचे, चुलत, सगळे नाकारलेले लोक जमले होते. निदान बाहेरून तरी लग्न ऐकू येईल म्हणून आलेले. ओवीही होती, हिरव्या पंजाबी ड्रेसमध्ये, मैत्रिणींबरोबर. नीलाकाकू थर्मास घेऊन भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांचे यजमान आत पहिल्या रांगेत होते.

मावशीला सोडायला म्हणून मलाही आत जाता आलं. मांडवात तीस खुर्च्या. समोर आक्का, ती उंच नाकेली बाई, पदराने वारा घेत होती. मावशीने तिच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मग नवरीच्या वेशातली मनू वऱ्हाड्यांना नमस्कार करत आली. मावशी लगबगीने उठली.

"घसा कसा आहे आता?"

"माझा?" मुलगी गोंधळली. "बरा आहे की."

"दिवाळीपासनं बसलाय ना आवाज. ज्येष्ठमध आणलाय बघ."

मुलगी हसायला लागली. वाईट हसू नव्हतं ते. "अहो आजी, दिवाळीपासून मी आले. आधीची मनू दुसरी होती, तिने मालिका सोडली. सगळ्यांना चेहरा बदललेला कळला, तुम्हाला नाही कळला?"

मावशी तिच्याकडे बघत राहिली. "मग तू आधीपासनं नाहीस?"

"मला तर मालिका माहीतही नव्हती. काम मिळाल्यावर चार दिवस बसले आणि पळवत पळवत जेवढं जमलं तेवढं बघितलं. खरं सांगू? विहिरीचं वगैरे मी बघितलंच नाही."

मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मावशीने मला विचारलं, "म्हणजे ही पाहुणी?"

दिवाणसर घाईने पुढे आले. "शालनताई, त्या कलाकार आहेत. त्यांना ते लागू नाही."

"का नाही? जिचं लग्न आहे तीच पाहुणी. आणि आम्ही बसलोय सख्खे होऊन."

मावशीने मुलीला नीट निरखून बघितलं. माझ्या माहितीत पहिल्यांदाच ती त्या घरातल्या कुणाला डोळ्यांनी बघत होती. मग तिने खण मुलीच्या हातात ठेवला, वर पुडी ठेवली. "घसा असू दे बरा. पण पुडी ठेव." आणि ती वळून फाटकाकडे चालायला लागली.

मी मागोमाग धावले. ती थेट ओवीसमोर जाऊन उभी राहिली. ओवीने मान फिरवली, आणि बरोबरच केलं. मावशीने बिल्ला काढून तिच्या ओढणीला लावला.

"जा आत. मनूला तिच्या वयाचं कुणीतरी पाहिजे लग्नात. आत सगळी थेरडी आहेत."

"तुम्हीच म्हणालात ना, कालची पोरगी?"

"म्हटलं होतं," मावशी म्हणाली. "आता जा म्हणतीय. नंतर काय भांडायचं ते भांड, चहाला घरी ये."

दिवाणसर फाटकाशी पोहोचले. "हे नियमात बसत नाही! हिचा निकाल..." तेवढ्यात आतून दिग्दर्शकाचा साहाय्यक धावत आला, घामाघूम झालेला. "काका, मधली खुर्ची रिकामी दिसतेय चौकटीत. कुणालाही बसवा, पण पटकन बसवा." त्याने ओवीला हाताला धरून आत नेलं. दिवाणसर तिथेच उभे राहिले. ज्या दिग्दर्शकाच्या चौकटींचं ते इतकं कौतुक करायचे, त्याला खुर्चीत कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"आणि तू?" मी मावशीला विचारलं.

"मला काय, मी ऐकते." ती नीलाकाकूंच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. नीलाकाकूंनी तिला चहा ओतून दिला आणि विचारलं, "त्या दिवशी शेवटी आक्का काय म्हणाली हो? ह्यांनी सांगितलंच नाही." मावशीने आक्काच्या आवाजात सगळं सांगितलं. भोवती आणखी बायका सरकून बसल्या. ओट्यापाशी, मोरीपाशी, पोराला झोपवताना ऐकणाऱ्या किती होत्या त्या, देव जाणे. कुणीच कधी त्यांची चाचणी घेतली नव्हती.

माझा राग मात्र गेला नाही. अजून गेलेला नाही. त्या यंत्राने माझ्यासमोर कितीतरी मुक्या माणसांना त्यांची माणसं परत मिळवून दिली, आणि तेच यंत्र या लोकांनी दारावर पहारेकरी म्हणून बसवलं. त्या पहाऱ्यावर माझी मावशी उभी राहिली, तेही मी विसरणार नाही, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं आहे.

आत मंगलाष्टकं सुरू झाली. भिंतीबाहेर सगळ्यांनी कान टवकारले. मावशीने डोळे मिटले, पिशवीतून अक्षता काढून आजूबाजूच्या प्रत्येकीच्या हातावर थोड्या थोड्या ठेवल्या. तिचे ओठ हलत होते. तिच्या आतल्या मांडवात तिची ठेंगणी आक्का उभी असणार, डावीकडे झुकून. "आता अंतरपाट," ती पुटपुटली. वाजंत्री वाजली आणि आम्ही सगळ्यांनी भिंतीवरून आत अक्षता उडवल्या. निम्म्या आमच्याच डोक्यावर पडल्या.

"कट!" आत कुणीतरी ओरडलं. "अंतरपाट अडकला. परत घेऊ."

मावशीने डोळे उघडले, पदर खोचला आणि खाली वाकून मातीतल्या अक्षता वेचायला लागली. मीही वाकले.